अठरावं लागण्याआधी

पोरी, बालगृहातून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींना खोली आणि काम मिळवून द्यायचं तू मनावर घेतलंस, फार चांगलं केलंस. माझी हयात वसतिगृहात गेली. तिथं जे उमगलं ते सांगतो.

अठरावं लागायची वाट पाहू नको, सतराव्या वर्षीच कागद जमव. शाळेचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, अधिवास, बँकेचं खातं. आधारला बहुधा संस्थेच्या अधीक्षकांचा नंबर जोडलेला असतो, तो बदलून पोराचा स्वतःचा जोड. नाहीतर बाहेर पडल्यावर ओटीपी भलत्याच फोनवर जातो आणि पोरगा बँकेच्या दारात उभा. महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र तर संस्थेत असतानाच काढून घे. त्याच्या जोरावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. 2018 साली ते मिळालं, त्यामागे अमृता करवंदेची धडपड आहे. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली ही मुलगी अठराव्या वर्षी बाहेर पडून पुण्याला आली आणि पहिली रात्र तिनं रेल्वे स्टेशनावर काढली. आपल्या एकाही पोराची पहिली रात्र तशी जाऊ नये, एवढ्यासाठीच ही सारी घाई.

आणि ‘अठरा झाले, आता निघ’ असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नको. 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 46 आहे. एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरची, मदत देता येते, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना 4000 रुपये धरलेत. भंडाऱ्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज लवकर दे, पोच घे, आणि विचारत राहा.

खोली बघायला दिवसा जा, मग अंधार पडल्यावर एकदा पुन्हा जा. शेवटची एसटी किती वाजता, पाणी कधी येतं, विजेचं मीटर वेगळं की घरमालक सांगेल तो आकडा, हे विचार. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी कायद्यानं घरमालकावर आहे. पोराची सगळी कर्मकहाणी मात्र मालकाला ऐकवू नको. काम कुठे करतो आणि अडल्यास फोन कुणाला करायचा, एवढं सांगितलं की झालं. तो फोन तुझा असू दे.

आता जे कुठल्या फायलीत नसतं ते ऐक. चाळीस जणांच्या हॉलमध्ये झोपलेल्या पोराला एकट्याच्या खोलीत झोप लागत नाही. घंटा नाही, हजेरी नाही, शेजारच्या गादीवर कुणी कुरकुरत नाही. मग तो रात्री बाहेर फिरायला लागतो, आणि सकाळी कामाला दांडी. म्हणून सुरुवातीला जमेल तिथं दोघांना एकत्र ठेव. जायच्या आधी चार रविवार त्याच्याकडून भात-वरण करवून घे, दुकानातून मीठ-तेल आणव. आपल्या धानाच्या मुलखातला पोरगा, पण मोठ्या पातेल्यातलं वाढून घेतलेलं. एका माणसाला तांदूळ किती लागतो ते त्याला ठाऊक नसतं. पगार झाला की आधी भाडं, मग किराणा, मग मोबाईल, हा क्रम त्याच्या हातानं वहीत लिहव. तू लिहून देऊ नको.

दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. कोंढ्यापासून पवनीपर्यंत घरोघर पाहुणे, लेकी माहेरी, रात्री नाटक. नागपुरात कामाला असलेली सगळी पोरं गावाकडे निघतात आणि या पोराला कुठं जायचं ते कळत नाही. त्याला बोलाव. आणि पाहुण्यासारखं बसवून ठेवू नको, काम दे: खुर्च्या मांडायच्या, पाणी आणायचं, म्हाताऱ्यांना नाटकाला घेऊन जायचं. काम करणारा घरचा असतो, त्याला पुढच्या वर्षी बोलवावं लागत नाही.

पहिली नोकरी बहुधा टिकत नाही. तेव्हा रागावू नको आणि त्याला परत संस्थेच्या दारातही नेऊ नको. दोन महिन्यांचं भाडं आधीच खात्यात बाजूला ठेवायला लावलं असेल तर खोली सुटत नाही, आणि खोली राहिली की दुसरं काम शोधायला उसंत मिळते. ही बचत पहिल्या पगारापासून सुरू करायला लाव, भले दोनशे रुपयांनी.