दोनच भावांवर ओढलेली रेषा

१ सप्टेंबर २०१६ रोजी कुवेतमध्ये ‘सुपर’ पेट्रोल लिटरमागे ६५ फिल्सवरून १०५ वर गेले आणि ‘प्रीमियम’ ६० वरून ८५ वर. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात राहून मागणीची लवचिकता शिकणाऱ्याला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही, आणि चुकायलाही याहून सोपी जागा नाही. समजा, एका पंपावर सुपरची रोजची विक्री १०,००० लिटरवरून ७,००० वर आली. जुने आकडे पायाला धरले तर भाववाढ ६१.५ टक्के, घट ३० टक्के. घटीला भाववाढीने भागून उणे चिन्ह सोडले तर लवचिकता ०.४९, एकापेक्षा कमी, म्हणजे मागणी ताठर. नवे आकडे पायाला धरले की तीच १.१२५ होते, म्हणजे लवचिक! एवढ्या मोठ्या उडीला मी दोन्हींच्या सरासरीवरच टक्केवारी काढतो. उत्तर येते ०.७५. तेही फक्त सुपरचे, सगळ्या पेट्रोलचे नव्हे. दोन प्रकारांतला फरक ५ फिल्सवरून २० वर गेला, चाळीस लिटरच्या टाकीमागे २०० फिल्सचे ८०० झाले. मग सुपर सोडलेले गिऱ्हाईक गाडी घरी ठेवते की प्रीमियम भरते, हे वेगळे तपासावे लागते.

कोणी म्हणेल, दोन आकड्यांवर कशाला विसंबायचे, चोवीस महिन्यांची विक्री घेऊन रिग्रेशन करा. जरूर करावे. पण महिने चोवीस असले तरी भाव दोनच आहेत. रेषा दोन पुंजके जोडते आणि मधल्या काळात भावाखेरीज जे काही बदलले ते सारे भावाच्या खात्यावर चढते. ऑगस्टात इथली बरीच कुटुंबे सुट्टीवर असतात, सप्टेंबरात परततात, शाळा उघडतात. नुसते हे दोन महिने जोडले तर भाव चढल्यामुळे विक्री वाढली, असेही दिसू शकेल. सप्टेंबरची तुलना आदल्या सप्टेंबरशीच हवी. भाव सरकारने ठरवला, ही मात्र खरी सोय. लासलगावच्या कांद्याचा भाव आवक आणि मागणी दोन्ही मिळून हलवतात; तिथे नुसत्या भाव-विक्रीच्या बिंदूंतून काढलेली रेषा मागणीची की पुरवठ्याची, तेच कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ एल्मर वर्किंगने ही अडचण १९२७ सालीच मांडली होती.

रिग्रेशनचा आर-स्क्वेअर चांगला आला, असा युक्तिवाद पुरत नाही. रेषा बिंदूंना किती चिकटली, एवढेच तो सांगतो. उतारालाही लवचिकता समजू नका. वरच्या उदाहरणात उतार एका फिल्सला ७५ लिटर, रेषाभर तोच. लवचिकता मात्र ६५ फिल्सपाशी ०.४९ आणि १०५ पाशी १.१२५. म्हणून आकडा लिहाल तेव्हा तो कोणत्या मालाचा, कोणत्या भावापाशी आणि कोणत्या महिन्यांवरून काढला, हे त्याच ओळीत लिहा.