भात कमी करण्याआधी ताटात मासा वाढा

प्रथिने भरपूर आणि कर्बोदके कमी असा आहार सुचवणारी कोणतीही यादी हाती घ्या, सुरुवातीलाच पनीर, दही, चीज आणि व्हे पावडर भेटतात. ज्यांना दूध पचत नाही किंवा दुधाची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी ती यादी तिथेच संपते. खारघरमध्ये राहणाऱ्या आणि मासे खाणाऱ्या माणसाने मात्र निराश होण्याचे कारण नाही. सिडकोने सेक्टर आखले त्याच्या कितीतरी आधीपासून कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे ही गावे इथे नांदत आहेत. आगरी-कोळी घरांतल्या माशांच्या कालवणात दूध, दही, साय यांपैकी काहीच पडत नाही. नारळ, चिंच, कोकम, लसूण आणि मसाला यांवर ते स्वयंपाकघर उभे आहे. दूध आणि मासा एकत्र खाऊ नये असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही सांगितले आहे. त्यामुळे दूध वर्ज्य असलेल्यांना इथे पर्याय शोधत बसावे लागत नाही.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. ताटातून भात उचलणे सोपे असते. त्याच्या जागी काय वाढायचे आणि चालू औषधांचे काय करायचे, हा विचार बहुतेक घरांत मागाहून होतो. प्रस्तुत लेखिकेच्या घरी तसेच घडले.

लेखिकेला दूध सोसत नाही, म्हणून घरचा स्वयंपाक बराचसा बिनदुधाचा. पतीला मधुमेह आणि त्यासाठी बरीच वर्षे ग्लिमेपिराइडची गोळी. एका तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि घरात निर्णय झाला की आजपासून भात-भाकरी बंद. कालवण रोजचेच, माशाचा तुकडा रोजचाच, गोळीही तीच. दुपारी एक तुकडा आणि वाटीभर रस्सा एवढ्यावर जेवण आटोपून ते संध्याकाळी सेंट्रल पार्कमध्ये फिरायला गेले आणि घामाने निथळत परतले. हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. “अहो, बसा आधी,” म्हणत त्यांना खुर्चीत बसवले आणि बोटातून रक्त काढून पाहिले, तर साखर 70 च्या बरीच खाली गेलेली. साखरेचे पाणी दिल्यावर हळूहळू सावरले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जेवणाची चौकशी केली, गोळीची मात्रा कमी केली आणि आहार पायरीपायरीने बदलायला सांगितले.

यामागचे कारण प्रत्येक मधुमेही घराने समजून घ्यावे असे आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि पोटात भात पडला आहे की नाही हे त्या पाहत नाहीत. टोचून घ्यायच्या इन्सुलिनचेही तेच. कर्बोदके एकदम घटली आणि मात्रा तशीच राहिली, तर साखर घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ती चालू असताना कर्बोदके अगदी तोडली, तर रक्तात किटोन साठून जिवावर बेतू शकते, आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही हे घडू शकते. म्हणून यांपैकी कोणतेही औषध चालू असेल, तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगणे ही पहिली पायरी. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि गरज पडल्यास तेवढीच पुन्हा द्यावी. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नये, तडक रुग्णालय गाठावे.

तरीही बदलाची गरज खरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीने 2023 मध्ये देशातल्या मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या पुढे असल्याचे मांडले. त्याच पाहणीच्या 2025 मधल्या आहारविषयक निष्कर्षांनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात, तेही मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांतून. ज्या ताटात भाताचा डोंगर आणि कडेला माशाची एक तुकडी असते, त्या ताटाचे हे गणित आहे.

आकडे समोर ठेवले की काय बदलायचे ते लगेच कळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. शिजलेल्या भाताच्या मोठ्या वाटीत, म्हणजे साधारण 150 ग्रॅममध्ये, चाळीसेक ग्रॅम कर्बोदके आणि जेमतेम चार ग्रॅम प्रथिने. तेवढ्याच वजनाच्या बांगड्याच्या मांसात 28 ते 30 ग्रॅम प्रथिने आणि कर्बोदके जवळपास शून्य. तुकड्यांची संख्या वाढवली आणि भात अर्ध्या वाटीवर आणला, की एका जेवणात दिवसाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक वाटा पुरा होतो. लेखिकेच्या घरी आता हाच क्रम आहे. आधी मासा आणि भाजी वाढायची, मग उरलेल्या जागेत भात किंवा अर्धी भाकरी.

न्याहारीला मासा चालेल का, असे अनेकांना वाटते. सुका मासा इथे फार उपयोगी पडतो. उरणकडच्या सासूबाईंकडून लेखिकेच्या घरात आलेली पद्धत अशी: सुकट कोरडी भाजायची, गरम पाण्यात दोनदा धुऊन घट्ट पिळायची, कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांच्यासोबत परतायची आणि त्यावर दोन अंडी फोडायची. अंड्यामागे सहा ग्रॅम आणि सुकटीची भर, असा हा नाश्ता दुपारपर्यंत टिकतो. दुसरा पर्याय भिजवलेल्या मूगडाळीच्या घावनांचा. 50 ग्रॅम कोरड्या डाळीत 12 ग्रॅम प्रथिने असतात, पण सोबत 30 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकेही असतात. म्हणून घावन दोनच, आणि बरोबर उकडलेले अंडे. टोफूची भुर्जी हा तिसरा. टोफूत प्रथिने किती हे ब्रँडनुसार बदलते, त्यामुळे पाकिटावरचा तक्ता वाचून घ्यावा.

दुपारच्या जेवणाचा कणा कालवणच. बांगड्याचे तिरफळ घातलेले कालवण किंवा तारलीचे आंबट, सोबत पडवळ, फरसबी किंवा भेंडीची भरपूर भाजी, आणि ताकाच्या जागी सोलकढी. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे स्वस्त असतात आणि त्यांत ओमेगा-3 मेदाम्लेही भरपूर असतात, तेव्हा रोजच्यासाठी पापलेट-सुरमईच हवी असे काही नाही. रस्सा दाट करायला काही ठिकाणी तांदळाचे पीठ लावतात. त्याऐवजी खोबऱ्याचे वाटण वाढवावे. तळताना रव्याचा जाड थर दिला तर मोठ्या चमच्यामागे सात-आठ ग्रॅम कर्बोदके वाढतात आणि तेलही जास्त शोषले जाते. आगरी मसाला, आले-लसूण आणि कोकमाचे आगळ चोळून मासा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर शेकला, तर पिठाची गरजच पडत नाही. पेण-अलिबागकडचा जिताडा मिळाला तर या पद्धतीने फार सुरेख होतो.

रात्रीसाठी हलके पदार्थ पुष्कळ आहेत. वांगी घालून कोळंबी, खोबऱ्याच्या वाटणातल्या तिसऱ्या, तव्यावर कुरकुरीत केलेली मांदेली. तिसऱ्यांमधून लोह आणि बी-12 दोन्ही मिळतात. ताज्या बोंबलाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात पाण्याचा अंश फार मोठा असतो, त्यामुळे 100 ग्रॅममागे प्रथिने दहाएक ग्रॅमच भरतात. तोच बोंबील उन्हात वाळला की आकडा साठ ग्रॅमच्या घरात जातो. ताजे बोंबील असतील त्या रात्री सोबत मटकीची उसळ किंवा अंडे हवे. ऑफिसच्या डब्यात माशाचा वास नको असेल, तर उकडलेली अंडी, परतलेला टोफू, भाजलेले चणे आणि मूठभर शेंगदाणे चालतात.

मासे बारा महिने सारखे मिळत नाहीत. किनाऱ्यावर साधारणपणे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, नंतर अनेक घरांत श्रावण पाळला जातो. या काळात भाताकडे परत वळण्याचा मोह मोठा. रायगडकडच्या माणसाच्या फडताळात वाल आणि कुळीथ असतातच. वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, सोयाबीनच्या वड्यांची भाजी यांवर हे आठवडे निभावतात. कुळथात 100 ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम, तर कोरड्या सोयावड्यांत 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मात्र कडधान्यांत निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो, हे विसरू नये. ती भाताच्या जागी खायची, भातासोबत नव्हे.

दूध सोडलेल्यांच्या मनात सतत प्रश्न असतो तो कॅल्शियमचा. प्रौढाची रोजची गरज 1000 मिलिग्रॅम धरली जाते. काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली, सालासकटचा जवळा आणि सुकट, सालीचे तीळ, शेवग्याचा पाला आणि नाचणी यांतून ती बऱ्याच अंशी भागवता येते. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण नाचणी हे धान्यच आहे, म्हणून तिचे प्रमाण अर्ध्या भाकरीपुरते ठेवावे. माशाच्या कालवणावर भाजलेल्या तिळाची पूड चवीलाही बसते. सोयादूध घेत असाल तर त्यात कॅल्शियम मुद्दाम घातले आहे का, हे पाकिटावर पाहावे, कारण साध्या सोयादुधात ते फारसे नसते. ड जीवनसत्त्वाची पातळी एकदा तपासून घेतलेली बरी.

दूध लपून येते ते मुख्यतः बाहेरच्या खाण्यात. हॉटेलातला तंदुरी मासा किंवा फिश टिक्का दह्यात मुरवलेला असतो, ग्रेव्हीत साय किंवा लोणी असते. पाव, बिस्किटे आणि प्रोटीन बार यांत दूध पावडर असते. व्हे आणि केसिन ही दोन्ही दुधाचीच प्रथिने. भारतात पाकीटबंद पदार्थांवर दुधाचा ॲलर्जीविषयक उल्लेख करणे बंधनकारक आहे, तो शोधावा. ‘लॅक्टोज-फ्री’ असे लिहिलेले दूध लॅक्टोज न पचणाऱ्याला चालू शकते, पण दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्याला ते तितकेच घातक ठरते.

माशाबाबतही काही पथ्ये आहेत. बांगडा, तारली आणि कुपा हे मासे बर्फाविना राहिले, तर त्यांत हिस्टामीन तयार होते, आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके ठणकणे ही त्याची लक्षणे, आणि अनेकदा ती माशाची ॲलर्जी समजली जातात. म्हणून बर्फावरचा मासा घ्यावा आणि घरी आल्याबरोबर साफ करून फ्रीजमध्ये टाकावा. मोरी आणि कुपा यांसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा अधिक साठतो. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी त्याऐवजी लहान मासे खावेत. खारवलेल्या सुक्या माशात मीठ भरपूर असते, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी तो धुऊन, आणि तोही बेतानेच घ्यावा. युरिक ॲसिड वाढलेल्यांना तारली, कोळंबी आणि सुका मासा त्रास देऊ शकतात. मूत्रपिंड अधू असेल तर प्रथिने वाढवण्याचा निर्णय स्वतःहून घेऊच नये.

डॉक्टरांकडे जाताना लेखिका आता तीन कागद सोबत नेते: चालू औषधांची मात्रेसह यादी, काही दिवसांच्या जेवणाची वाटी-तुकड्यांत केलेली नोंद, आणि त्याच दिवसांतले उपाशीपोटीचे व जेवणानंतरचे साखरेचे आकडे. सोबत क्रिएटिनिन आणि युरिक ॲसिडचे अलीकडचे अहवाल असले तर उत्तम. मग विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. भात एक वाटीवरून अर्धीवर आणला तर कोणत्या गोळीची मात्रा बदलावी लागेल? साखर दिवसातून किती वेळा मोजायची? प्रथिने किती ग्रॅमपर्यंत चालतील? या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घेतली, की दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात बांगडा किती घ्यायचा तेही नेमके ठरते.