हिरडी बघ, मग फोन कर

चि. बाळू,

घोडी रात्रभर लोळत होती, इंजेक्शनाने शांत झाली आणि तू निर्धास्त झोपलास, असं ताई सांगत होती. मला त्या शांतपणाचीच धास्ती वाटते. दुखणं दबतं, विष दबत नाही.

घोड्याच्या आतड्यात अब्जावधी जंतू असतात. ते मेले की त्यांच्या कवचातलं विष सुटतं. आतड्याचं अस्तर धड असेल तोवर ते लिदीवाटे निघून जातं. पोटशूळ, हगवण किंवा एकदम जादा चंदी झाली की अस्तर दुखावतं आणि विष रक्तात शिरतं. हाच एंडोटॉक्सिमिया. व्यायलेल्या घोडीची वार तीन तासांत पडली नाही तरी तोच धोका. गोराईच्या किनाऱ्यावर हौशी मंडळी पाव-बिस्किटं चारतात, त्यांना हटकत जा. घोड्याला ओकता येत नाही.

वरचा ओठ उचल. निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परततो. विष चढलं की ती विटेसारखी लाल होते, मग दातांच्या कडेने जांभळी रेघ उमटते. जबड्याखाली नाडी मोज. उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. 60 च्या वर गेली तर थांबू नकोस. कान आणि पाय गार पडले म्हणजे आधीच उशीर झालाय.

उपचार डॉक्टरांचा: शिरेतून भरपूर सलाईन, मूळ कारणावर इलाज, जोडीला फ्लुनिक्सिन, कधी पॉलिमिक्सिन बी. फ्लुनिक्सिन विषासाठी किलोमागे 0.25 मिलिग्रॅम देतात, दुखण्यासाठी 1.1. अंगातलं पाणी आटलेल्या घोड्याला ते पुन्हा पुन्हा टोचलं तर मूत्रपिंडं जातात, म्हणून सुई तू हातात घ्यायचीच नाही. बाटलीने काढाही नको, तो फुफ्फुसात उतरतो. तुझ्या हातातलं एकच काम, आणि ते मोठं: खुरांना सूज येऊन घोडं कायमचं लंगडं होऊ शकतं, तेव्हा खूर तापायची वाट न बघता चारही पाय बर्फात ठेव, आणि डॉक्टर सांगतील तोवर काढू नकोस. मासळीचा बर्फ कोळीवाड्यात मिळेलच.

गोराईची अडचण तुला ठाऊक आहे. बोटीतून माणसं येतात, स्कूटर येते; घोडं खाडीपार न्यायचं तर उत्तन-भाईंदरवरून ट्रकच हवा. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे, पण तिथवर पोचेतो अर्धा दिवस जातो. ट्रकवाल्याशी आजच बोलून ठेव, आणि घोडीची हिरडी उद्या सकाळी बघून मला रंग कळव.

तुझा
मामा