परसबागेसाठीं काड्या कोठून आणाव्या?

पावसाळा जवळ आला म्हणजे पुष्कळ घरीं असा विचार निघतो कीं, अंगणाभोंवतीं कुंपण व परसांत चार झाडें असावीं. परंतु रोपवाटिकेंत जाऊन किंमत विचारली म्हणजे तो विचार तेथेंच राहतो. ज्याचें पोट हातावर आहे त्यानें मीठमिरचीचे पैसे रोपांत कसे घालावे? या अडचणीवर एक जुना उपाय आहे, तो या पाठांत आम्ही सांगणार आहों. पुष्कळ झाडें बियांवांचून, तोडलेल्या फांदीपासून होतात. आणि जी फांदी एकाच्या घरीं चुलींत जाते, तीच दुसऱ्याच्या दारीं झाड होते.

प्रथम कोणतीं झाडें अशीं होतात हें जाणावें. अंजीर, डाळिंब, द्राक्ष, तुती, शेवगा, गुलाब, मोगरा, जास्वंद, मेंदी, अडुळसा, निरगुडी हीं काडीपासून होतात. आंब्याची किंवा चिकूची फांदी जमिनींत खोंवून उपयोग नाहीं. त्यांस खुंटावर कलम बांधावें लागतें. पपई बियांपासूनच करावी. एवढें ध्यानांत ठेवलें तर श्रम व्यर्थ जाणार नाहींत.

आतां काड्या कोठें मिळतात तें पाहूं. छाटणीची वेळ साधणें ही यांतील मुख्य युक्ति होय. नाशिक व सांगली जिल्ह्यांत द्राक्षाच्या बागा वर्षांतून दोनदां, एप्रिलांत व ऑक्टोबरांत, छाटतात. तेव्हां बांधावर काड्यांचे ढीग पडतात. पुरंदर तालुक्यांत अंजिराच्या मळ्यांचीही छाटणी होते. शेंगा संपल्यावर शेवगा छाटतात, आणि त्याची ठिसूळ फांदी वळवाच्या वाऱ्यानें आपोआपही मोडते. अशा वेळीं मालकाकडे जाऊन, "दादा, या काड्या टाकणार असाल तर चार आम्हांस द्या," असें विनयानें म्हटलें, तर नाहीं म्हणणारा विरळा. न विचारतां मात्र कोणाच्या कुंपणास हात लावूं नये. जी वस्तु मागून मिळते तिच्यासाठीं चोरीचा डाग कां लावून घ्यावा?

दुसरें ठिकाण आठवड्याचा बाजार. पुदिन्याच्या जुडींतील जून काड्या पाण्यांत ठेविल्या तर थोड्याच दिवसांत त्यांस मुळ्या फुटतात. भाजी होऊन वर रोपही हातीं येतें.

तिसरें ठिकाण सरकारी रोपवाटिका, आणि राहुरी, दापोली, अकोला व परभणी येथील कृषि विद्यापीठें. येथें पैसे पडतात, परंतु जात खात्रीची मिळते. चार घरांनीं मिळून एकच रोप आणावें, एका अंगणांत वाढवावें, आणि तें थोराड झाल्यावर त्याच्या काड्या चौघांनीं वांटून घ्याव्या. असें वांटणें कायद्याविरुद्ध तर नाहीं ना, असें कोणी विचारील. २००१ च्या वनस्पतींच्या जातींच्या संरक्षणाच्या कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बियाणें राखण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे; आणि ज्यापासून झाड होतें अशी काडीही त्यांत येते. संरक्षित जातीचें बियाणें छाप लावून विकूं नये, एवढेंच बंधन आहे.

आतां एक गोष्ट आम्ही कळकळीनें सांगतों. फुकट मिळतें म्हणून कोणतीही काडी घरीं आणूं नये. डाळिंबाचा तेल्या रोग या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रांत पसरला, आणि पुष्कळांनीं उभ्या बागा उपटून टाकिल्या. हा रोग पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पसरतो, तसाच रोगट कलमांबरोबरही गांवोगांव जातो. आणि वरून निरोगी दिसणाऱ्या काडींतही तो लपून राहतो. आपल्या परसांतील एका फुकट काडीनें शेजाऱ्याची कर्ज काढून लाविलेली बाग बुडाली, तर ती काडी केवढ्या किंमतीची झाली? म्हणून डाळिंबाचें रोप खात्रीच्या रोपवाटिकेंतूनच विकत घ्यावें. इतर झाडांच्या बाबतींतही आधीं मूळ झाड पाहावें. पानांवर डाग, फांदीवर चिरा किंवा कीड दिसली तर देणाऱ्याचे आभार मानून रिकाम्या हातीं परतावें.

काडी लावण्याची रीत अशी. पक्व, पेन्सिलीएवढी जाड व वीतभर लांब काडी घ्यावी. तिजवर तीन चार डोळे असावे. खालचा काप डोळ्याच्या लगत तिरपा व वरचा सरळ द्यावा, म्हणजे उलटी लावण्याची चूक होत नाहीं. दोन डोळे मातींत व बाकीचे वर राहावे. शेवग्याची फांदी मात्र मनगटाएवढी जाड व सुमारें १ मीटर लांब लागते. दुरून आणावयाच्या काड्या ओल्या गोणपाटांत गुंडाळाव्या. जागा सावलीची असावी. माती ओली असावी, पण पाणी सांचूं नये. पानें फुटलीं म्हणजे मुळ्याही फुटल्या असें समजून काडी उपटून पाहूं नये. पानें आधीं येतात, मुळ्या मागून. कांहीं काड्या मरतील, यासाठीं पाहिजेत त्याहून अधिक लावाव्या.

आमच्या शिक्षक व उपदेशक बंधूंस शेवटीं एक विनंती आहे. शाळेच्या अथवा आपल्या घराच्या आवारांत एक लहानसा वाफा निरोगी झाडांचा करावा, आणि छाटणीच्या दिवशीं गांवांतील लोकांस बोलवावें. ज्यास आज एक काडी मिळाली त्यानें पुढें दोघांस द्यावी. असें झालें तर थोड्या वर्षांत ज्या दारीं आज नुसती धूळ आहे तेथें सावली होईल, आणि त्यासाठीं कोणाच्या घरचें मीठमिरचीचें गाडगें रिकामें होणार नाहीं.