रस्सा कशाचा, हे आधी विचारा

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडची मुलं आता पुण्या-हैदराबादपुरती राहिलेली नाहीत. कुणी टोकियोत आहे, कुणी ओसाकात. तिकडे स्थिरस्थावर झाली की ती आईवडिलांना बोलावून घेतात आणि हौसेनं एखाद्या नामांकित हॉटेलात जेवायला नेतात. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईत आहेत त्यांनाही हा अनुभव येतोच, कारण जपानी जेवण तिथल्या मोठ्या हॉटेलांमध्ये चांगलंच रुळलं आहे. आणि आपला जिल्हा तर नर्सी नामदेवाचा. घराघरात एखादं तरी माणूस गळ्यात तुळशीची माळ घातलेलं असतं. त्या माणसाला घेऊन जपानी हॉटेलात पाऊल टाकण्याआधी काय विचारावं, हे आम्हाला ज्या प्रसंगातून कळलं तो सांगते.

माझी मुलगी टोकियोच्या निशी-कासाई भागात राहते. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीय कुटुंबांनी गजबजलेला आहे. तूरडाळ, पोहे, हिंग सगळं तिथं मिळतं, त्यामुळे घरच्या जेवणाची काळजी नव्हती. मी आणि माझी आई तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं आणि जावईबापूंनी आम्हाला ‘शोजिन र्योरी’ खाऊ घालायचं ठरवलं. बौद्ध मठांत शेकडो वर्षं चालत आलेली ही स्वयंपाकाची रीत. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, कांदा-लसूणसुद्धा नाही. माळकरी आजीसाठी याहून योग्य जेवण कोणतं, असा त्यांचा विचार होता, आणि तो रास्तच होता. शहरातल्या एका उंची हॉटेलाचं बुकिंग करताना मुलीनं ‘शाकाहारी, मांस, मासे, अंडी नकोत’ असं लिहूनही दिलं. उत्तरात बुकिंग पक्कं झाल्याचं आलं. दुसरं काहीच नाही.

जेवणाची सुरुवात तिळाच्या ‘तोफू’नं झाली. आईला ते फार आवडलं. मग लाखेची काळी वाटी आली, वर घट्ट झाकण. आतल्या वाफेनं झाकण चिकटून बसतं. वाटी दोन्ही बाजूंनी अलगद दाबली की सुटतं, हे वाढणाऱ्या बाईनं दाखवलं. आत पाण्यासारखं निवळ सूप, त्यात सोयाबीनच्या दुधाच्या सायीची गुंडाळी, एक हिरवं पान आणि लिंबासारख्या फळाच्या सालीचा छोटा तुकडा. आईनं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

“सुकटीचा वास यायलाय गं,” ती म्हणाली.

आईनं उभ्या जन्मात मासा खाल्लेला नाही. पण आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या पालावरून जाणारी वाट तिच्या ओळखीची आहे. मुलीनं वाढणाऱ्या बाईला विचारलं. ती आत गेली आणि एका वडीलधाऱ्या गृहस्थांना घेऊन आली. ते गुडघे टेकून बसले, वाकून माफी मागितली आणि म्हणाले, सूप समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या माशाच्या पाण्यात केलेलं आहे. निव्वळ शाकाहारी पाणी हवं असेल तर तसं बुकिंगच्या वेळी वेगळं सांगावं लागतं. मग सूप गेलं, शिजवलेल्या भाज्यांचं ताट गेलं, भज्यांसोबतचा बुडवायचा रस गेला, कारण सगळ्यांच्या मुळाशी तेच पाणी होतं. आईपुढे भात, लोणचं आणि मीठ लावलेली भजी उरली. बिल मात्र पूर्ण लागलं.

आईनं तिथं आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं उपास धरला, हरिपाठ म्हटला आणि विषय संपवला. पण मुलीला एवढंच म्हणाली, “माळ माझ्या गळ्यात हाय, त्याहीच्या न्हाई. पण पैसे घ्यायच्या आधी सांगाया पायजे होतं.” तिचं म्हणणं मला सोळा आणे पटतं.

असं का होतं, हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. आपल्याकडे जशी फोडणी, तशी जपानी स्वयंपाकात ‘दाशी’. दाशी म्हणजे उकळून गाळलेलं चवीचं पाणी. नेहमीची दाशी दोन जिन्नसांची असते: कोंबु नावाचं जाड समुद्री शेवाळ आणि ‘कात्सुओबुशी’, म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा कडक सुकवून काढलेल्या त्याच्या पातळ चकत्या. गाळल्यावर मासा डोळ्यांना कुठेच दिसत नाही. ताटात दिसतात भाज्या, तोफू, शेवया. म्हणून स्वयंपाकी प्रामाणिकपणे सांगतो की यात मासा नाही, आणि आपण प्रामाणिकपणे विश्वास ठेवतो.

याला जुना इतिहास आहे. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली. त्या यादीत मासे नव्हते. मठाबाहेरच्या जपानी घरांत मासा कधी थांबलाच नाही, आणि मठाची रीत शहरातल्या हॉटेलांत आली तेव्हा काही ठिकाणी माशाची दाशीही तिच्यात शिरली. तेव्हा ‘शोजिन’ हे नाव पाटीवर दिसलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय असते; जपानमध्ये तसं सक्तीचं चिन्ह नाही. तिथल्या सरकारनं शाकाहारी आणि व्हीगन पदार्थांसाठी प्रमाणकं ठरवली ती २०२२ साली, आणि तीही ऐच्छिक.

पण माशाशिवाय चव येतच नाही, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांनी ‘उमामी’ ही चव शोधली, ती माशात नव्हे, कोंबुमध्येच. सुकवलेल्या शिताके अळंबीतही त्याच चवीला बळ देणारं द्रव्य असतं. कोंबु रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, शिताके भिजवलेलं पाणी त्यात घालायचं, की मठातली दाशी तयार. अवघड काहीच नाही. फक्त आदल्या दिवशी भिजत घालावं लागतं. म्हणूनच जेवायला बसल्यावर मागून उपयोग होत नाही, आधी कळवावं लागतं.

आता कुणी विचारलं तर मी हे सांगते.

बुकिंग करतानाच दाशीचं नाव घेऊन विचारा. ‘शाकाहारी’ एवढंच लिहून थांबू नका. ‘माशाची दाशी कोणत्याही पदार्थात नको, कोंबु आणि शिताकेची चालेल’ असं लिहा आणि त्याच वाक्याचं लेखी उत्तर मागा. जपानमध्ये प्रत्यक्ष विचारायचं तर ‘कात्सुओ दाशी वा हाइत्ते इमासु का?’ हे वाक्य कागदावर लिहून जवळ ठेवा. बोनिटोची दाशी यात आहे का, असा त्याचा अर्थ.

मग बाकीच्या लपलेल्या जिन्नसांकडे वळा. मिसो सूप, उदोन-सोबाचा रस्सा, आगेदाशी तोफू, पॉन्झू सॉस यांत बहुतेकदा माशाची दाशी असते. तेंपुराच्या पिठात अंडं असू शकतं, आणि भाज्यांची भजी कोळंबीच्याच तेलात तळलेली असू शकतात. शाकाहारी सुशीवरच्या मेयोनीजमध्ये अंडं असतं. ओकोनोमियाकीवरच्या सॉसमध्ये मासा असू शकतो. मिरिन आणि साके ही दोन्ही तांदळाची मद्यं आहेत आणि स्वयंपाकात सर्रास वापरली जातात. माळकऱ्यांनी ती नकोत असं स्पष्ट सांगावं. हिरव्या ठिपक्याचा दारूशी काही संबंध नाही, त्यामुळे ठिपका असला तरी मद्य असू शकतं. व्हीगन असाल तर दूध आणि मध यांचंही विचारा. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याला दोन्ही चालतात, व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे.

पुण्या-मुंबईत असाल तर पाकीट बघायला मागा. अनेक हॉटेलं दाशी घरी करत नाहीत, तयार भुकटी वापरतात. ‘होन्दाशी’ ही सगळ्यांत परिचित भुकटी बोनिटोचीच आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या मांसाहारी जिन्नसाच्या पाकिटावर चौकोनातला तपकिरी त्रिकोण असतो. वेटरला माहिती नसेल तर चिडू नका, पण ‘शेफना विचारून सांगा’ म्हणायला कचरूही नका.

दिवस पंचांग बघून ठरवा. एकादशीला हे जेवण चालणार नाही. त्यात भात, गहू, सोयाबीन सगळं असतं. चातुर्मास लागल्यापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं वर्ज्य करणाऱ्यांनी तेही कळवावं, कारण मिसो लावून भाजलेलं वांगं हा जपान्यांचा आवडता पदार्थ आहे. शिरड शहापूरकडच्या जैन मंडळींनी तर विशेष जपावं. मठाच्या जेवणात कांदा-लसूण नसला तरी मुळा, अळकुड्या, कमळकाकडी अशी कंदमुळं भरपूर असतात, अळंबीही असते.

तब्येतीचं लपवू नका. कोंबुत आयोडीन फार असतं. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. सोयाबीनमुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, हेही लक्षात असू द्यावं. मिसो आणि सोया सॉस खारट असतात, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी बेतानं घ्यावं. तीळ, गहू, सोयाबीन किंवा सोबाच्या शेवयांतलं कुट्टू यांची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागून घ्यावी.

पैशांचंही आधीच बोला. रद्द केल्यास किती कापणार, दुपारचं जेवण स्वस्त आहे का, हे विचारा. उंची हॉटेलांत बहुधा असतं. जपानमध्ये टिप द्यायची पद्धत नाही, पण अशा हॉटेलांत सेवाशुल्क बिलात धरलेलं असतं. भारतात ते देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. शाकाहारी म्हणून मांसाहारी वाढलं गेलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बुकिंगचा लेखी मजकूर तिथं कामाला येतो.

एवढं सगळं सांगून मी कुणाला या जेवणापासून परावृत्त करत नाही. उलट, जमलं तर जाच, पण शक्यतो मठात जा. आम्ही नंतर क्योतोला तेन्र्युजी मठाच्या आवारातल्या ‘शिगेत्सु’मध्ये जेवलो. सगळं तपासून, लेखी विचारून. जमिनीवर लाल बैठक, पुढे लाल लाखेचं ताट, एक सूप आणि पाच पदार्थ. आईनं आधी वास घेतला, मग घोट घेतला, मग निवांत जेवली. टोकियोतल्या बिलाच्या मानानं खर्च फारच कमी होता.

तिथं मी आईला सांगितलं की ही साय, हा तोफू, हे सगळं सोयाबीनचं आहे. सोयाबीन भिजवून वाटायचं, दूध काढून उकळायचं. वर धरलेली साय काढली की ‘युबा’ आणि दूध समुद्राच्या मिठातल्या क्षारानं गोठवलं की तोफू. आईचा विश्वास बसेना. आमच्या शेतात, आमच्या अख्ख्या जिल्ह्यात खरिपाला सोयाबीनच असतं. पोती भरून ते मोंढ्यावर जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि आमच्या ताटात मात्र क्वचितच येतं. “आपलंच पीक हाय की हे,” ती म्हणाली आणि ताटातली साय तिनं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

१२३७ साली दोगेन या जपानी आचार्यांनी मठातल्या स्वयंपाक्यासाठी एक ग्रंथ लिहिला, ‘तेन्झो क्योकुन’. रांधणं ही साधनाच आहे, असं तो शिकवतो. ज्या परंपरेत स्वयंपाकाला एवढा मान आहे, तिथं जिन्नसांची चौकशी करणाऱ्या पाहुण्याचा कुणाला राग येत नाही. अडचण आपल्याच बाजूला असते. मोठं हॉटेल, पॉलिश केलेली लाकडं, हळू आवाजातलं बोलणं; यात गावाकडचं माणूस बुजतं, लेकरांचा पैसा खर्च होतोय म्हणून गप्प बसतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथं शब्दशः खरं ठरतं. माळ घालणाऱ्यानं ती गळ्यात घालताना जो शब्द दिला, तो पाळायला मदत करणं हे त्याला जेवायला नेणाऱ्याचं काम आहे. म्हणून मुलांनो, आजी-आजोबांना हौसेनं न्या, पण टेबल राखून ठेवण्याआधी एक फोन करा आणि स्वयंपाकघराला एकच प्रश्न विचारा: रस्सा कशाचा? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं हॉटेल बघा.