बुडालेल्या पेठांची नावे



या वेळच्या वाचनपाठासाठी आम्ही ज्युली बर्टाग्ना या स्कॉटिश लेखिकेची ‘एक्झोडस’ (२००२) ही इंग्रजी कुमार-कादंबरी निवडली आहे. काळ आहे सन २०९९ चा. बर्फ वितळून समुद्र चढला आहे. पंधरा वर्षांच्या माराचे विंग बेट पाण्याखाली जाऊ लागते, तेव्हा गावकरी होड्या घेऊन न्यू मुंगो या गगनचुंबी नव्या शहराकडे निघतात. तेथे पोहोचल्यावर समोर उभी राहते ती भिंत! आत प्रवेश नाही. येथून पुढे पुस्तक खाली ठेववत नाही. (पालकांनी ध्यानात घ्यावे, जिवलग गमावण्याचे प्रसंग त्यात आहेत. आठवीच्या खालच्या मुलांना आम्ही ते देणार नाही.)

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला तो या शहराच्या पायथ्याचा भाग. तेथे ग्लासगो बुडालेले आहे. उरलेल्या थोड्या जमिनीवर, झाडांवर घरटी करून काही माणसे राहतात आणि त्यांनी स्वतःला बुडालेल्या पेठांची नावे घेतली आहेत : गॉर्बल्स, ब्रूमीलॉ, कँडलरिग्ज. हे सारे खऱ्या ग्लासगोतले भाग. कँडलरिग्ज हे नाव तर मेणबत्त्या करणाऱ्यांवरून पडलेले. पेठ गेली, धंदा गेला, नाव मात्र एका म्हातारीच्या अंगावर उरले. उत्खननात खापर सापडावे, तसे येथे नाव सापडते.

आता विज्ञान. २०२१ च्या आयपीसीसी अहवालानुसार प्रदूषण फार वाढले तरी २१०० पर्यंत समुद्र साधारण १ मीटरपर्यंत चढण्याची शक्यता आहे. तेव्हा लेखिकेने बरीच घाई केली आहे. पण जुन्या पुस्तकातून माराला जे कळते ते खरे आहे : बर्फाचे ओझे उतरले की जमीन वर येते. स्वीडनच्या उत्तर किनाऱ्याची जमीन हिमयुग संपून हजारो वर्षे झाली तरी अजून वर्षाला सुमारे १ सेंटीमीटर वर येत आहे.

आपल्या बडोद्याचेच पाहा. अकोटा या नावात ‘अंकोट्टक’ ही प्राचीन वसाहत दडली आहे. इ. स. ८१२ च्या ताम्रपटात वटपद्रक, म्हणजे आपले बडोदे, हे अंकोट्टक विभागातले एक साधे गाव आहे! अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आपल्या संग्रहालयात आहेत. कमाटीबागेत जाल तेव्हा त्या पाहिल्याशिवाय परतू नका. दोन्ही वस्त्यांच्या मधून वाहते ती विश्वामित्री. २०१९ आणि २०२४ साली तिचे पाणी आपल्यापैकी कित्येकांच्या घरांत शिरले होते.

गृहपाठ : आजी-आजोबांना विचारून आपल्या गल्लीचे जुने नाव आणि ते कशावरून पडले, हे लिहून आणा. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल, तर जमिनीपासून तिची उंची मोजा व वर्षासह लिहा. घराला नवा रंग काढायचा असेल, तर रंगारी येण्यापूर्वी मोजा.