नवा प्रिंटर आणि मंदावलेला संगणक
(दोषशोधनाचा एक पाठ)

शाळेत प्रिंटर आला म्हणजे शिक्षकांची मोठी सोय होते. शाळा सोडल्याचा दाखला, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका, शालेय पोषण आहाराचा मासिक गोषवारा यांपैकी कशासाठीही तालुक्याच्या गावी खेप घालावी लागत नाही. परंतु काही ठिकाणी असे घडते की, प्रिंटर जोडल्यानंतर दोन-चार दिवसांतच पूर्वी बरा चालणारा संगणक मंदावतो. तो सुरू होण्यास वेळ लागतो, लिहिलेला कागद पडद्यावर उघडत नाही, अक्षरे उमटण्यास विलंब होतो. मग ‘संगणक जुना झाला’ असा निष्कर्ष निघून निर्लेखनाच्या गोष्टी सुरू होतात, अथवा प्रिंटर पुन्हा खोक्यात जातो.

हे दोन्ही निर्णय घाईचे होत. द्विशिक्षकी शाळेत शिक्षक पडद्यासमोर जितका वेळ खोळंबून बसतो, तितका वेळ दोन वर्ग शिक्षकावाचून राहतात. शिवाय सादिल अनुदानातील रक्कम विनाकारण खर्ची पडते. म्हणून दोष कोठे आहे, हे क्रमाने शोधून काढण्याची पद्धती प्रत्येक शिक्षकास अवगत असावी.

१. प्रथम निरीक्षण

संगणक केव्हा मंदावतो, हे आधी पाहावे. केवळ छपाई चालू असतानाच मंदावत असेल, तर ते बऱ्याच अंशी स्वाभाविक आहे. इंचास ६०० ठिपके या प्रमाणात ए-४ आकाराचे एक पान छापावयाचे झाल्यास सुमारे साडेतीन कोटी ठिपक्यांची मांडणी करावी लागते. स्वस्त प्रिंटरांपैकी अनेकांत हे काम प्रिंटर स्वतः करीत नाही, ते संगणकाकडूनच करून घेतो. अशा वेळी छायाचित्रे लहान करावीत, छपाईची प्रत साधी ठेवावी व पाने थोडी थोडी पाठवावीत.

परंतु छपाई नसतानाही संगणक मंद राहत असेल, तर तो दोष समजावा. तेव्हा प्रिंटर बंद करून त्याची तार काढावी व संगणक पुन्हा सुरू करावा. कळ दाबल्यापासून एखादा कागद उघडेपर्यंत किती मिनिटे लागली, ते घड्याळ पाहून वहीत लिहावे. तार काढताच वेग परत आला, तर दोष जोडणीत किंवा अडकलेल्या छपाईत असण्याचा संभव अधिक. तार काढूनही मंदपणा कायम राहिला, तर प्रिंटरबरोबर संगणकात शिरलेल्या कार्यक्रमांकडे, म्हणजे सॉफ्टवेअरकडे, लक्ष द्यावे.

२. अडकलेली रांग

पिठाच्या गिरणीत लोक आपापले डबे रांगेत ठेवून घरी जातात व गिरणीवाला क्रमाने दळण काढतो. संगणकात हेच काम ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा करते. छापावयाचा मजकूर ती रांगेत ठेवते व प्रिंटरास एकेक पाठविते. पहिलाच डबा अडला तर मागचे सारे दळण खोळंबते. त्याचप्रमाणे एखादा बिघडलेला मजकूर रांगेच्या तोंडाशी अडकला, तर स्पूलर पुनःपुन्हा तोच पाठवू पाहतो व संगणकाची शक्ती व्यर्थ जाते.

यावर उपाय असा. प्रिंटर बंद करावा. ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा. नंतर सी ड्राइव्हमधील विंडोज, त्यातील सिस्टीम-३२, त्यातील स्पूल व शेवटी प्रिंटर्स या फोल्डरात जाऊन आतील फाइली तेवढ्या काढाव्यात. फोल्डर मात्र काढू नये. मग स्पूलर पुन्हा सुरू करून प्रिंटर चालू करावा. या कृतीने रांगेतील सर्व छपाई रद्द होते. सबब मूळ कागद जतन केलेला आहे, याची खात्री आधी करून घ्यावी.

३. अनाहूत सोबती

प्रिंटरबरोबर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरात आवश्यक भाग एकच, तो म्हणजे ड्रायव्हर. परंतु त्यासोबत शाईची पातळी दाखविणारे, छायाचित्रे सजविणारे, नवी शाई मागविण्याची आठवण देणारे असे अनेक कार्यक्रम येतात व संगणक सुरू होताच आपणहून चालू होतात. ४ जीबी स्मृतीच्या व फिरत्या हार्ड डिस्कच्या संगणकास हा भार सहज जाणवतो.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ विभागात प्रिंटरच्या कंपनीचे नाव असलेले कार्यक्रम एकेक करून ‘डिसेबल’ करावेत. याने ते पुसले जात नाहीत, केवळ आपणहून सुरू होत नाहीत. व्हायरस-प्रतिबंधक कार्यक्रम मात्र कदापि बंद करू नये.

४. गैरहजर प्रिंटर

वर्डसारखा लेखनाचा कार्यक्रम पानाची आखणी करताना ‘डीफॉल्ट’, म्हणजे नेहमीच्या म्हणून ठरविलेल्या प्रिंटरचा आधार घेतो. तो प्रिंटर वायफायवरील असून बंद असेल किंवा त्याचा पत्ता बदलला असेल, तर संगणक उत्तराची वाट पाहत राहतो व कागद उघडण्यास विलंब होतो. अशा वेळी ‘प्रिंट टू पीडीएफ’ हा नेहमीचा प्रिंटर ठरवून पाहावा. वेग सुधारल्यास कारण सापडले. एकाच प्रिंटरची नोंद दोन-तीन वेळा झाली असेल, तर निरुपयोगी नोंदी काढाव्यात.

५. शेवटचा उपाय

एवढ्याने काम न झाल्यास प्रिंटरचे सर्व सॉफ्टवेअर काढून संगणक पुन्हा सुरू करावा. नंतर प्रिंटर बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून आपल्या विंडोजच्या आवृत्तीस जुळणारा केवळ ड्रायव्हर घ्यावा. विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे जुन्या संगणकावर अनोळखी ठिकाणचे सॉफ्टवेअर घेणे अधिकच धोक्याचे होय.

६. पद्धतीचे मर्म

एका वेळी एकच बदल करावा, वेळ मोजावा व नोंद ठेवावी. तीन बदल एकदम केले आणि संगणक सुधारला, तर कोणत्या उपायाने गुण आला, हे कळत नाही. पुढील वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते. बेरीज चुकलेल्या मुलास सारे गणित पुसावयास न लावता चूक कोणत्या पायरीवर झाली, ते शिक्षक पाहतो. संगणकाबाबतही तीच दृष्टी ठेवावी. इतके करूनही मंदपणा प्रिंटर येण्यापूर्वीपासूनच होता असे दिसून आले, तरच संगणकाच्या दुरुस्तीचा विचार करावा. तेव्हा ही नोंदवहीच मुख्याध्यापकांस व शाळा व्यवस्थापन समितीस निर्णयासाठी आधार देईल.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. केवळ छपाईच्या वेळी येणारा मंदपणा व सततचा मंदपणा यांत भेद कसा करावा?
२. रांगेतील फाइली काढण्यापूर्वी कोणती खात्री करावी व का?
३. आपल्या शाळेतील संगणक सुरू होण्यास किती वेळ लागतो? एक आठवडा रोज मोजून तक्ता करा. त्याची सरासरी इयत्ता ५ वीच्या विद्यार्थ्यांकडून काढून घ्या.